मलमाच्या डबीचा कोअर लेझरने छापून घ्यावा का?

कुंडईचा_साचेवाला | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडईला आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. चार मशिनं, त्यातली दोन जवळजवळ माझ्याच वयाची. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना लागणारी झाकणं, सिरपची मापं, डब्या हे आमचं काम. सध्या डोकं खातेय ती मलमाची एक डबी. पॉलिप्रॉपिलीन, भिंत ३ मिमी, चार कॅव्हिटीचा साचा, म्हणजे एका वेळी चार डब्या. सायकल ३६ सेकंद, त्यातले २४ नुसतं थंड होण्यात जातात. डबीच्या बुडाला आतून उंचवटा आहे, म्हणून कोअरच्या (साच्यातला, डबीची आतली बाजू घडवणारा भाग) डोक्यावर खळगा आणि भोवती कडा. बॅफलचं (कोअरच्या भोकातली उभी पट्टी, एका बाजूने पाणी वर, दुसऱ्या बाजूने खाली) पाणी खळग्याच्या खालीच थांबतं, कडेपर्यंत पोचत नाही. साचा उघडल्याबरोबर प्रोब लावला तर कडेला ६० अंश, बाकी कोअर ३५. लवकर बाहेर काढली तर डबीचं बूड वाकतं.

एका ओळखीच्याने सुचवलं की कोअर लेझरने पावडरीतून छापून घे, आतला पाण्याचा मार्ग हवा तसा वळवता येतो. कोटेशन मागवलं. आमच्या नेहमीच्या पी२० पोलादाच्या कोअरच्या साडेचार पट. कुणी केलंय का हे? की नुसतं प्रदर्शनात बघायला बरं?

जुना_फिटर | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०५

बाब, आधी बेरिलियम कॉपर बघ. पी२० पेक्षा तीन-चार पट उष्णता ओढतं. कडेपुरता तुकडा त्याचा कर, खाली बॅफल आहे तसाच राहू दे. पिळर्णच्या टूलरूममध्ये आम्ही अशा कितीतरी कोअर पिना बसवल्या आहेत, लेझर-बिझर काही नव्हतं तेव्हा.

तापमापक | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

खर्च करण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन्सिल घ्या. थंड होण्याचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३ मिमी पॉलिप्रॉपिलीन, वितळलेला माल २२० ला, डबी बाहेर काढायची ८० ला, असं धरून मी हिशोब केला. साच्याचं पृष्ठ ६० असेल तर २३ ते २४ सेकंद येतात, म्हणजे तुमचा आकडा बरोबर जुळतो. पृष्ठ ३० वर आणलं तर १६. त्याच्या खाली तुम्ही सोन्याचा कोअर बसवला तरी जाणार नाही, कारण मग अडथळा पोलादाचा उरत नाही, प्लॅस्टिकचा उरतो. तेव्हा जास्तीत जास्त मिळतील ७-८ सेकंद. त्यासाठी साडेचार पट परवडतं का ते बघा.

आणि एक आगाऊ सल्ला: भिंत ३ ची २.५ करा. वर्गाचा हिशोब आहे, वेळ ३० टक्के खाली येतो. फुकटात.

कुंडईचा_साचेवाला | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

भिंतीला हात लावता येत नाही हो. डबी औषधाच्या नोंदणीत गेलेली आहे. ड्रॉइंगवर एक रेघ बदलायची तर त्यांच्या क्वालिटीवाल्यांचं चेंज कंट्रोल, मग नवीन डबीत मलम भरून स्थिरता चाचण्या. त्यापेक्षा कोअर छापणं स्वस्त.

७ सेकंद मिळाले तर ३६ चे २९ होतात. तासाला ४०० डब्यांच्या जागी ४९६. ऑर्डर वर्षभराची आहे. परवडेल असं वाटतं, म्हणूनच विचारलं.

पावडरवाली | १२ फेब्रुवारी, रात्री ११:५०

मूळची वाळपईची, सध्या बाहेर एका प्रयोगशाळेत टूल स्टील छापण्यावरच पीएचडी घासतेय, म्हणून राहवलं नाही. लांबेल, चहा घेऊन बसा.

थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे प्लॅस्टिकची तार येते. इथे तसं नाही. पोलादाच्या जाड प्लेटवर साधारण ४० मायक्रॉनचा पावडरीचा थर पसरतात. कण १५ ते ४५ मायक्रॉनचे, गोल, मोहरीसारखे घरंगळणारे. चेंबरमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉन. वरून लेझर हव्या त्या भागावर रेघा मारत जातो, तेवढीच पावडर वितळते आणि क्षणात गोठते. प्लेट ४० मायक्रॉन खाली, पुन्हा पावडर, पुन्हा रेघा. दर थराला रेघांची दिशा ६७ अंशांनी फिरवतात, म्हणजे रेघेवर रेघ पडून एकाच दिशेला कमजोरी राहत नाही. वितळलेलं डबकं थरापेक्षा खोल जातं, खालचे एक-दोन थर परत वितळवतं, म्हणूनच सांधा सलग होतो.

चालणारा एक संच सांगते: २८५ वॉट, सेकंदाला ९६० मिमी, दोन रेघांत ०.११ मिमी, थर ०.०४. भागाकार करा, घन मिलिमीटरला ६७ ज्यूल येतात. ऊर्जा फार कमी पडली तर थरांमध्ये न वितळलेल्या फटी, वाकड्यातिकड्या. फार जास्त झाली तर धातूची वाफ होऊन डबक्यात खोल भोक पडतं, ते कोसळतं आणि तळाशी गोल बुडबुडा अडकतो. साच्यात पहिली चूक जास्त घातक, कारण फट पाण्याच्या मार्गापासून पृष्ठापर्यंत गेली तर कोअर घामेजतो.

आता पोलाद. तुम्हाला बहुधा १.२७०९ देतील, म्हणजे मॅरेजिंग. १८ टक्के निकेल, ९ कोबाल्ट, ५ मॉलिब्डेनम, थोडं टायटॅनियम, आणि कार्बन जवळजवळ नाहीच, ०.०३ टक्क्यांच्या आत. कार्बन नसणं हीच गंमत. छापताना हे पोलाद इतक्या वेगाने गार होतं की मार्टेन्साइट (पोलाद झटकन गार झालं की होणारी स्फटिकरचना) होणारच. कार्बनवालं मार्टेन्साइट काचेसारखं, हे मात्र मऊ, छापून निघतं तेव्हा ३५ एचआरसीच्या (कठीणपणाचं माप) आसपास. त्यामुळे तडकत नाही. मग सगळं यंत्रण उरकून ४९० अंशांना सहा तास भट्टीत ठेवायचं. निकेल-टायटॅनियम, निकेल-मॉलिब्डेनमचे बारीक कण आत तयार होतात आणि कठीणपणा ५० च्या वर जातो. पाण्यात-तेलात बुडवणं नाही, वाकणं नाही, फक्त किंचित आकसतं, तेवढी घासाई ठेवायची.

एक गोष्ट कोटेशनवाले सहसा बोलत नाहीत. मॅरेजिंगची उष्णतावाहकता २० च्या आसपास, तुमच्या पी२० ची ३० च्या. म्हणजे धातू म्हणून हा वाईटच. जिंकतो तो फक्त पाणी कडेच्या ४-५ मिमी जवळ नेता येतं म्हणून. मार्ग चुकीचा काढला तर साडेचार पट पैसे देऊन वाईट कोअर मिळेल.

फिटरकाकांचं बेरिलियम कॉपर चुकीचं नाही. फक्त घासताना ती धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका, बेरिलियमचा आजार बरा होत नाही.

गोड_खाणारा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

म्हणजे बेबिंका की! एकेक थर ओतायचा, वरून आच द्यायची, मग पुढचा. पोलादाची बेबिंका. धागा वाचून भूक लागली.

पावडरवाली | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३२

:) उपमा आवडली, पण उलटी आहे. चांगल्या बेबिंकेचे पापुद्रे सुटे झाले पाहिजेत. माझे सुटे झाले की गाइड बोलणी खायला घालतात.

डायकास्टर_बेळगाव | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:००

ताई, आमच्याकडे ॲल्युमिनियम डायकास्टिंग. आम्हाला एच१३ पोलादच लागतं, ६५०-७०० अंशांचा माल डायवर आदळतो. मॅरेजिंग छापतात तर एच१३ का नाही छापत? दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी विषय बदलला.

पावडरवाली | १३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

विषय बदलला म्हणजे प्रामाणिक होते. एच१३ मध्ये कार्बन ०.४ टक्के, क्रोमियम ५, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. प्रत्येक थर गार होताना कडक, ठिसूळ मार्टेन्साइट होतं. त्यात खालचा थर आकसायला देत नाही, म्हणून आत ताण साठत जातो. तीस-चाळीस मिमी उंची गाठली की रात्री कधीतरी ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज मी ओळखते, सकाळी प्लेटपासून कोपरा उचललेला दिसतो.

उपाय म्हणजे बेस प्लेट गरम ठेवणं. २०० अंशांना बराच फरक पडतो. त्याहून वर, मार्टेन्साइट सुरू होण्याच्या तापमानापाशी, गेलं तर छापताना रूपांतर लांबतं आणि शेवटी सगळा तुकडा एकदमच बदलतो, ताण कमी. पण तशी गरम प्लेट सगळ्या मशिनांत नसते, आणि गरम पावडर लवकर ऑक्सिडाइज होते. छापून झाल्यावर टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) ५५० ते ६०० च्या घरात, दोनदा. सरळ बाजारातल्या एच१३ चं कोष्टक लावू नका. छापलेल्यात अडकलेलं ऑस्टेनाइट (मार्टेन्साइटमध्ये न बदललेला भाग) जास्त असतं, त्यामुळे आकडे सरकतात.

एम२ सारखं हायस्पीड स्टील तर आणखी हट्टी, कार्बन ०.८५ च्या आसपास. जमतं, पण जमवावं लागतं.

तुमच्या डायचा एखादा गेट इन्सर्ट (माल आत शिरतो तिथला बदलता तुकडा) मॅरेजिंगमध्ये करून बघायला हरकत नाही. पण सतत ५०० च्या आसपास तापला तर ज्या कणांनी तो कडक झाला तेच मोठे होत जातात आणि पोलाद नरम पडतं. प्लॅस्टिकच्या साच्यात ती भीती नाही.

वेर्ण्याचा_शिफ्टवाला | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

आमच्या गोळ्यांच्या मशीनचे पंच आणि डाय छापता येतील का मग? सारखे बाहेरून मागवतो.

जुना_फिटर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

नाही मरे. पंच म्हणजे सरळ गोल दांडा, डोकं, आणि टोकाला नक्षी. लेथ, ग्राइंडिंग, हार्डनिंग, पॉलिश. त्यात आत लपवायला काहीच नाही तर छापून मिळवणार काय? टोकाला खरखरीतपणा राहिला तर गोळी चिकटेल ती वेगळीच.

इस्रो_फॅन | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

अवांतर, पण मॅरेजिंग नाव ऐकलं आणि राहवलं नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं कवच याच जातीच्या पोलादाचं, एम२५०. हैदराबादची मिधानी ते पोलाद बनवते. नावही मार्टेन्साइट आणि एजिंग जोडून झालेलं. मलमाच्या डबीला रॉकेटचं पोलाद, वाईट नाही.

तापमापक | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

साचेवाले, मार्ग काढणार असाल तर माझी दोन टिपणं. गोल मार्ग ४ मिमीचा घेतलात तर पाणी खवळतं ठेवायला सेकंदाला अडीच मीटर वेग हवा, म्हणजे प्रत्येक कोअरला मिनिटाला १.९ लिटर. चार कोअर समांतर जोडा, एकामागून एक नको. नाहीतर चौथ्याला तिसऱ्याचं उष्टं गरम पाणी मिळेल. पंपाचा दाब आधी मोजा.

दुसरं, अख्खा कोअर छापू नका. खालचे ४० मिमी साध्या पोलादाचे यंत्रावर करा, सरळ भोकं मारा, वरचे ४५ मिमी त्याच्यावर छापून घ्या. ४५ मिमी म्हणजे ११२५ थर. पावडर पसरायला थराला १० सेकंद धरले तरी तीन तास नुसते पसरण्यात. चारही एकत्र ठेवले तर ते तीन तास एकदाच मोजले जातात. माझ्या हिशोबाने एकत्र साडेसतरा तास, एकेक केले तर २६-२७. कोटेशन तासावर असतं, तेव्हा भांडा.

जुना_फिटर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

ठोकळ्यावर छापलेलं नेमकं बसेल का? लेझरला काय कळणार भोक कुठे आहे.

पावडरवाली | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

काका, प्रश्न बरोबर आहे. दशांश मिलिमीटर इकडेतिकडे होतं. म्हणून सांध्याशी भोक ४ ऐवजी ५ चं ठेवतात आणि बाहेरून अर्धा मिमी घासाई. चारही ठोकळ्यांची उंची मात्र एकदम सारखी हवी, नाहीतर पावडर पसरणारं पातं अडकतं.

कुंडईचा_साचेवाला | ३ मार्च, रात्री ९:००

दिली ऑर्डर. कोटेशन साडेचारवरून तीन पटीवर आलं, तापमापक यांना जेवण लागू. फिटरकाका, रागावू नका.

जुना_फिटर | ३ मार्च, रात्री ९:२०

रागावतो कशाला. पैसे तुझे.

कुंडईचा_साचेवाला | ८ जून, रात्री १०:३५

मंडळी, उशीर झाला, पण सगळं सांगतो.

पहिला घोळ. एप्रिलमध्ये कोअर छापून झाले. छापणाऱ्यांनी प्लेटसकट वायर कटला (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र) पाठवले, आणि आतली पावडर आधी काढलीच नव्हती. वायर कटचं पाणी मार्गात शिरलं आणि पावडरीचा चिखल झाला. दोन कोअरमधून हवासुद्धा जाईना. नशीब, भट्टीत घातले नव्हते. पियानोची तार, कॉम्प्रेसर आणि अल्ट्रासॉनिक टाकी, तीन दिवस. ४ मिमीच्या मळसूत्री मार्गातून ओली पावडर काढणं म्हणजे शंखातून मांस काढण्यासारखं. शेवटी चारही मोकळे झाले. आता मी कुणालाही सांगेन: प्लेटवर असतानाच ठोकून, हवेने पावडर काढायची, भोकांना बुचं मारायची आणि मगच वायर कट.

त्यानंतर ४९० ला सहा तास, ५२ एचआरसी आली. बाहेरून ग्राइंडिंग केलं. एका ठिकाणी पॉलिश करताना सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे दिसले. डबीच्या आतल्या बाजूला आहेत, चालून गेलं.

निकाल: कडेचं तापमान ६० वरून ३४. थंड होण्याचा वेळ २४ वरून १७. सायकल २९ सेकंद. बूड वाकत नाही. चौदा दिवस सलग चालवलं, त्यात वीज सहा वेळा गेली तो भाग सोडा.

पावडरवाली | ८ जून, रात्री ११:१५

अभिनंदन! खड्डे बहुधा टायटॅनियमच्या ऑक्साइड-नायट्राइड कणांचे. मॅरेजिंगला आरशासारखं पॉलिश देताना ही कटकट असतेच. पारदर्शक वस्तूंच्या साच्याला म्हणूनच मी हे पोलाद सुचवत नाही.

चिलरचं पाणी कुठलं आहे? हे विचारायचं राहिलं होतं.

कुंडईचा_साचेवाला | ८ जून, रात्री ११:३०

बोअरवेलचं. का?

पावडरवाली | ८ जून, रात्री ११:४४

मॅरेजिंगमध्ये क्रोमियम नाही. गंजतं, साध्या पोलादासारखं. आपल्याकडचं जांभ्यातलं पाणी मऊ असतं, चुना फारसा साठत नाही, पण किंचित आम्ल आणि लोहवालं. त्यात छापलेल्या मार्गाची आतली भिंत खरखरीत, घाण धरून ठेवणारी. बंद सर्किट करा, गंजरोधक टाका, गाळणी बसवा. आणि मशीन बंद ठेवणार असाल तर पाणी काढून हवा मारा.

कुंडईचा_साचेवाला | ९ जून, सकाळी ८:०५

हो, करून घेतो या आठवड्यात.

कुंडईचा_साचेवाला | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

केलं नाही. लिहायला लाज वाटते, पण धागा अर्धा ठेवणं बरं नाही.

पावसात ऑर्डर वाढली, गाळणी उद्यावर गेली. मग चवथ आली. पोरं गावी गेली, मीही सावर्ड्याला. सहा दिवस युनिट बंद, साचा मशीनवर, कोअरमध्ये पाणी भरलेलं. परत येऊन चालू केलं तर बूड पुन्हा वाकायला लागलं. पाईप सोडले तर चहासारखं पाणी. चारही कोअरचा प्रवाह एकेक करून मोजला: १.८, १.७, ०.९, १.७. तिसऱ्यात काहीतरी अडकलंय.

जुना_फिटर | २१ सप्टेंबर, रात्री १०:०२

कोकम सोलांच्या पाण्यात भिजत घाल. आमची आई तांब्याची भांडी तशीच लख्ख करायची.

(बोललो असतो बेरिलियम कॉपरबद्दल, पण बोलत नाही.)

पावडरवाली | २१ सप्टेंबर, रात्री १०:२५

काका :) तत्त्व तेच आहे, पण सौम्यच ठेवा. पातळ सायट्रिक ॲसिड, त्यात इन्हिबिटर (गंजरोधक), फिरतं ठेवायचं, मग सोड्याने उदासीन करून लगेच वाळवायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ५२ एचआरसीच्या पोलादात हायड्रोजन शिरला तर कोअर एके दिवशी काही न सांगता तडकतो, आणि खरखरीत गंजलेला मार्ग त्याला सुरुवातीची जागा आयतीच देतो.

पुढच्या संचासाठी १२ टक्के क्रोमियम, ९ टक्के निकेलवालं गंजरोधक टूल स्टील विचारा. तेही असंच भट्टीत कडक होतं, ५० एचआरसीच्या आसपास जातं. छापणारे पावडर बदलायला कुरकुर करतील, कारण मशीन आतून पूर्ण साफ करावं लागतं. करू द्या.

कुंडईचा_साचेवाला | २८ सप्टेंबर, रात्री ९:१५

सायट्रिक दोनदा फिरवलं. आत तळाशी अडकलेली एक बारीक चकती निघाली, बहुधा एप्रिलच्या चिखलातलीच, गंजाने फुगलेली. पाणी आता बंद सर्किटमध्ये, गाळणी लावली, प्रत्येक कोअरला वेगळा प्रवाहमापक. शनिवारी रात्री हवा मारायचं काम पोरांच्या वहीत लिहून ठेवलंय, सही घेतो.

आजचे आकडे: १.९, १.८, १.६, १.९. सायकल ३० वर चालू आहे. तिसरा रविवारी परत उतरवतो.